रत्नाकररावांचा नारिंगी हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे. माझा रंग नारिंगी. तळव्यावर आणि बोटांवर माशाच्या खवल्यांसारखी उठावाची नक्षी आहे, आणि मनगटाशी गुंडाळलेली कड. जुना म्हणालो म्हणून तुम्हांला वाटेल, वीस-पंचवीस वर्षांचा तरी असेन. नाही मित्रांनो, मला जेमतेम सहा महिने झाले. त्यातही कामाचे दिवस मोजले तर अकरा. पण आम्ही वापरून फेकून देण्यासाठीच बनतो. आमच्यातला एखादा सकाळी हातावर चढतो आणि दुपारी कचऱ्यात जातो. त्या हिशेबाने मी चांगला म्हातारा आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे चिनीमातीचे शेकडो हात साखळीला उलटे टांगलेले असतात. ते हात पातळ, रंगीत द्रवात बुडतात, वर येतात आणि भट्टीतून जातात. द्रवाची कातडी होते, आणि ती सोलून काढली की झाला हातमोजा. मला दोनदा बुडवले होते, म्हणून मी जाड झालो. आम्हांला उजवा-डावा असा भेद नसतो. आम्ही पन्नासजण एका डब्यात एकमेकांवर निजलो आणि जबलपूरला आलो.

गोहलपुरात चिंतामणीजींचे रंग आणि हार्डवेअरचे दुकान आहे. तिथे आमचा डबा वरच्या फळीवर बसला. खालच्या फळीवर पांढरे, पारदर्शक, निळे, सगळे पातळ हातमोजे होते. ते रोज खपत. आम्हांला गिऱ्हाईक हातात घेई, दाबून पाही आणि म्हणे, "इतने मोटे? फेंकना ही तो है!" आणि परत ठेवून देई. दोन महिन्यांत आमच्यावर एवढी धूळ साचली की डब्यावरचे चित्र दिसेनासे झाले.

एका शनिवारी दुकानात एक उंच, किरकोळ बांध्याचे गृहस्थ आले. पांढरा सदरा, खिशात चष्मा. त्यांनी चारही प्रकारचे डबे मागितले आणि चष्मा लावून एकेका डब्यावरचा शब्दन् शब्द वाचला.

"कितने हाथ हैं आपके, रत्नाकरजी?" चिंतामणीजी हसून म्हणाले.

ते हसले नाहीत. चारही डबे पिशवीत घालून ते कांचघरला आपल्या घरी निघाले. त्यांनी एवढे हातमोजे का घेतले, हे मला त्यांच्या घरी राहून हळूहळू समजले. ते तुम्हांला आधीच सांगून टाकतो.

रत्नाकरराव ढोमणे संरक्षण खात्याच्या कारखान्यात रंगविभागात होते. तेहेतीस वर्षे त्यांनी गाड्यांना रंग मारला आणि संध्याकाळी उघड्या हातांनी थिनरमध्ये फडके बुडवून हात पुसले. त्यांच्या मुलीचे नाव विनीता. तिने गोहलपुरात एक शेड भाड्याने घेतली होती. लोकांच्या मोटारी ती नुसत्या धूत नसे. इंजिनावरचे तेलकट थर काढणे, चाकांच्या खाचा साफ करणे, आसने घासणे आणि शेवटी पॉलिश करून गाडी नव्यासारखी करणे, हे तिचे काम. मुलीने असले काम करावे, हे आधी आईला, पुष्पाताईंना, पटले नव्हते. रत्नाकररावांना ते पटले. पण ती पांढरे हातमोजे चढवू लागली तेव्हा मात्र त्यांनी तिची थट्टा केली होती. "आम्ही जिंदगीभर उघड्या हातांनी केलं. तू काय डॉक्टरीण आहेस का?"

तीन वर्षे काम छान चालले. मग विनीताचे हात बिघडू लागले. आधी बोटांच्या मध्ये खाज, मग लाल चट्टे, मग भेगा. तिला कणीक मळता येईना, वेणी घालता येईना. तिला वाटले, हा साबणाचा आणि पॉलिशचा परिणाम. म्हणून ती आणखी जपून, दिवसभर हातमोजे घालू लागली, तर हात आणखीच चिघळले. पुष्पाताईंनी एका शाळेच्या ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकला. महिनाअखेरीला शेड सोडायची, असे घरात ठरलेही.  त्या दिवसापासून विनीता जेवणात भाजी पुन्हा वाढून घेईना.

मग मदन महलजवळच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिचे हात तपासले, काही चाचण्या केल्या आणि सांगितले, "तुम्हांला केमिकलचं काही नाही. तुमच्या त्या पावडरवाल्या रबरी हातमोज्यांचीच ॲलर्जी आहे. काम सोडू नका, ते हातमोजे सोडा. पंधरा दिवस हातांना आराम द्या."

विनीताचा विश्वास बसला नाही. हात वाचवणारी वस्तूच हात खात होती, हे कसे पटावे? ती म्हणाली, "आता काय फायदा बाबा, शेड तर सोडूनच राहिलो आपण."  शनिवारी रत्नाकरराव पिशवी घेऊन निघाले, ते थेट चिंतामणीजींच्या दुकानात.

रविवारी सकाळी त्यांनी अंगणात पाट मांडला. चार स्टीलच्या वाट्यांत थोडे थोडे पेट्रोल ओतले आणि प्रत्येक वाटीत एकेका हातमोज्याचे बोट सोडले. पांढऱ्याला विनीताने शिवायचे नाही, म्हणून तो त्यांनी चिमट्याने उचलला. आमच्या डब्यातला सर्वांत वरचा भाऊ चौथ्या वाटीत गेला. मी कडेला दबलेला. डब्याच्या तोंडातून माझी कड बाहेर आली होती, म्हणून मला सगळे नीट दिसत होते.

"हे काय करून राहिले बाबा?" विनीता दारातून म्हणाली.

"परीक्षा घेऊन राहिलो. बस इथं."

थोड्या वेळाने पांढऱ्याचे बोट भिजलेल्या पावासारखे फुगले. मग त्यांनी राहिलेल्या तिघांचे कोरे भाऊ एकेक करून हातावर चढवले आणि जुन्या चाकाच्या खाचेत बोटे घालून जोराने घासले. पारदर्शक तर चढवतानाच अंगठ्याशी टरकन फाटला. निळ्याला पेट्रोलने काही केले नव्हते, पण लोखंडाच्या धारेवर तो उलला. नारिंगीवर ओरखडा उठला, भोक पडले नाही.

"हा पास!" रत्नाकरराव ओरडले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण विनीता कामातली माणूस. ती म्हणाली, "असं नाही. डोळे मिटून पाहू द्या." पट्ट्या बांधलेल्या हातावर तिने हळूच निळा चढवला आणि अंगणातल्या स्कूटरच्या पत्र्यावरून बोटे फिरवली. "यातून धुळीचा कण समजते." मग नारिंगी चढवला. "यातून नाही समजत. पॉलिश करताना कण राहिला अन् मी घासलं, तर गाडीवर चरा पडते ना."

"अच्छा," रत्नाकरराव म्हणाले. "म्हणजे पॉलिशला निळा, चाकाला अन् इंजिनाला नारिंगी."

"आणि थिनरला?"

त्यांनी थिनरही आणून पाहिले. मित्रांनो, खोटे कशाला सांगू? थिनरमध्ये माझा भाऊही काही मिनिटांत फुगला आणि मऊ पडला. आम्ही नारिंगी आणि निळे नायट्राइलचे, म्हणजे झाडाच्या चिकाशिवाय बनवलेल्या कृत्रिम रबराचे; पण नायट्राइल म्हणजे लोखंड नव्हे. तेल, ग्रीस, पेट्रोल, टर्पेंटाइन आम्ही सोसतो, पण प्रत्येक गोष्टीपुढे आमचा टिकाव लागत नाही. विनीताने तेही वहीत लिहून घेतले. लिहिता लिहिता ती म्हणाली, "बाबा, शेड एक महिना अजून ठेवू का?"

"मी काय म्हणून आणले एवढे डबे?" ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी हात सुकले, भेगा भरत आल्या. विनीता आमचा डबा घेऊन शेडमध्ये गेली, आणि तिथे आमची एक चूक उघडी पडली. ती चूक मापाची होती. रत्नाकररावांनी आपल्या हाताच्या अंदाजाने आमचे सर्वांत मोठे माप आणले होते; निळे तेवढे तिच्या मापाचे निघाले. विनीताची बोटे बारीक. भय्यासाहेब म्हणून एक नेहमीचे गिऱ्हाईक होते, त्यांच्या पांढऱ्या गाडीची चाके साफ करून झाल्यावर ती घाईत नारिंगी हातमोजे न बदलताच पॉलिशचे मशीन चालवू लागली. बोटांच्या टोकाशी आमचे रिकामे रबर लोंबत होते. ते मशीनच्या गरगर फिरणाऱ्या स्पंजच्या गादीत अडकले आणि हात ओढला गेला. विनीताने दुसऱ्या हाताने बटन बंद केले म्हणून बरे. हातमोजा फाटून गादीला गुंडाळला गेला, बोट नुसतेच पिरगळले.

ती खाली बसली. भय्यासाहेब पाणी घेऊन धावले. "रहने दो बिटिया, कल कर लेना," ते म्हणाले. पण तिने पाणी प्यायले, हात धुतले, निळे मापाचे हातमोजे घातले आणि गाडी पुरी केली. दुसऱ्या दिवशी तिने चिंतामणीजींकडून आमच्याच जातीचा मधल्या मापाचा डबा आणला. तो तिच्या बोटांवर कातडीसारखा बसला. तिचे हात पुढे बिघडले नाहीत, आणि शाळेच्या ऑफिसाचा विषय पुष्पाताईंनी पुन्हा काढला नाही.

आमचा डबा मात्र घरी कपाटात गेला. वाईट वाटले, पण तिचे बोट वाचले होते. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? कपाटात अंधार होता, गारवा होता. ऊन लागले असते तर आम्ही तिथेच कडक होऊन तडकलो असतो. म्हणजे तो विजनवासही आमच्या भल्याचाच ठरला.

दिवाळीच्या आठ दिवस आधी रत्नाकररावांनी घराच्या खिडक्यांच्या जाळ्यांना तेलरंग द्यायचे काढले. काम आटोपल्यावर ते ओट्यावर बसले, कपाटाच्या फटीतून मला दिसत होते, आणि नेहमीप्रमाणे उघडा हात टर्पेंटाइनच्या डब्यात घालून ब्रश चोळू लागले. त्यांच्या उजव्या अंगठ्याला खोल भेग पडली होती. टर्पेंटाइन तिच्यात गेले तसे त्यांनी ओठ दाबले, पण हात काढला नाही. विनीता नेमकी त्याच वेळी शेडमधून परतली.

"बाबा, हे काहून करून राहिले?"

"दोन मिनटांचं काम आहे. मला सवय आहे."

"दाखवा हात."

"अरे चलो, काही नाही झालं."

"दाखवा म्हणते ना!"

त्यांनी हात पुढे केला. तिने तो नळाखाली धुतला, टॉवेलने टिपला, भेगेवर पट्टी लावली. बराच वेळ ती तो हात धरून बसली. मग म्हणाली, "माझ्यासाठी चार डबे आणले तुम्ही. एकही स्वतःसाठी नाही घेतला?"

"माझे हात आता काय, बुढ्याचे," ते म्हणाले. "तुझ्या हातांना तर पूर्ण आयुष्य काढायचं आहे."

विनीताचे डोळे भरले. ती आत गेली, कपाट उघडले आणि आमचा डबा घेऊन आली. तिने मला बाहेर ओढले, माझी कड रुंद केली आणि लहान मुलाला सदरा चढवावा तसे मला त्यांच्या उजव्या हातावर चढवले. माझा जोडीदार डाव्या हातावर गेला. आम्ही अगदी बरोबर बसलो. त्यांच्याच मापाचे होतो ना!

रत्नाकररावांनी हात वर करून उलटसुलट पाहिला. मूठ मिटली, उघडली.

"घाम येते यात," ते म्हणाले.

"येऊ द्या. मध्ये मध्ये काढून हात पुसत जा. पण घाला."

 त्यांनी ब्रश उचलला आणि पुन्हा टर्पेंटाइनमध्ये बुडवला. या वेळी त्यांनी ओठ दाबले नाहीत. त्या क्षणी त्या भेगेच्या आणि टर्पेंटाइनच्या मध्ये मी होतो. माझ्या आयुष्यातला यापेक्षा मोठा मान मला ठाऊक नाही.

दिवाळीनंतर रत्नाकरराव आपणहून शेडमध्ये जाऊ लागले. चाके आणि इंजिन त्यांच्याकडे, पॉलिश विनीताकडे. बरगी धरणाकडून चिखलाने माखून आलेल्या जीपगाड्या मी पाहिल्या, बॅटरीवरचा बुरशीसारखा पांढरा क्षार खरवडला, घरच्या कूलरची जाळी धुतली. रोज संध्याकाळी ते मला हातावर असतानाच साबणाने धूत, मग काढून सावलीत तारेला अडकवत. "कितने दिन चलाओगे?" असे चिंतामणीजींनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "जितने दिन ये सच बोलेगा." भोक पडूनही धडधाकट दिसणारा हातमोजा खोटे बोलतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून रोज सकाळी ते मला पाण्याने भरून पाहत.

आज सकाळी माझ्या अंगठ्याच्या बेचक्यातून पाण्याची बारीक धार निघाली. रत्नाकररावांनी ती विनीताला दाखवली. "झालं याचं," ते म्हणाले. "पण चांगलं काम केलं यानं." मग त्यांनी स्वतःच नव्या जोडीसाठी डब्यात हात घातला. आता ते कात्रीने माझे मनगट कापून चार रुंद रबरी पट्ट्या करणार आहेत, पॉलिशच्या फडक्यांच्या गुंडाळ्या बांधायला. उरलेला मी झाकणाच्या बादलीत जाईन, नालीत नाही. मला त्याचे दुःख नाही.

मित्रांनो, जाताना एवढेच मागतो. हातमोजा घेताना स्वस्त कोणता, एवढेच पाहू नका. काम कोणते, हात कोणाचा आणि माप काय, ते विचारा. हातांना खाज सुटली तर लपवू नका. फाटलो की मला लगेच सोडा, माझी माया करू नका. आणि घरात जो माणूस सगळ्यांसाठी हातमोजे आणतो, त्याचे स्वतःचे हात एकदा उजेडात धरून पाहा.