बेचाळिसावी चकती

इराणमधल्या इस्फहानच्या एका प्रयोगशाळेत फरांगीसने दीड वर्षात एकेचाळीस चकत्या वाया घालवल्या होत्या. गॅसपासून वीज करणाऱ्या इंधनघटाच्या चकतीवर झिर्कोनिया या चिनीमातीसारख्या पदार्थाचा, केसाच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ थर चढवायचा आणि भट्टीत भाजायचा. एवढीशी जरी भेग पडली तरी तिथून गॅस निसटतो आणि सगळं मुसळ केरात. बेचाळिसावी मात्र निर्दोष निघाली. उद्या तोंडी परीक्षेत तिच्यातून गॅस गळत नाही एवढं दाखवलं की पीएचडी, नाहीतर आणखी एक वर्ष भट्टीपाशी.

आदल्या दिवशी परीक्षकच प्रयोगशाळा बघायला आले. डॉक्टर सनाती, मूळचे इथलेच, पण तीस वर्षं जर्मनीत राहिलेले. चकती उजेडात धरून म्हणाले, "फारच सुंदर."

"तुमच्यापुढे काय ती," फरांगीसच्या तोंडून सवयीने निघालं. "तुमचीच समजा. घ्या."

आता असं म्हणायचंच असतं. टॅक्सीवालासुद्धा आधी भाडं नको म्हणतो, म्हणून कुणी फुकट उतरत नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सनातींच्या अंगातून ते तीस वर्षांत पार धुऊन निघालं होतं. त्यांचे डोळे भरून आले. तिकडे असं कुणी काही देत नाही, म्हणाले, आणि चकती रुमालात गुंडाळून खिशात घातली. फरांगीसच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत ते जिना उतरले होते.

"भट्टीही द्यायचीस की, पोरी," भट्टी सांभाळणारे म्हातारे यदुल्ला म्हणाले.

तिच्या मार्गदर्शकांनी हात झटकले. दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे विभागाची अब्रू जाणार. फरांगीसला रडू आलं, त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी भर परीक्षेत सनातींनीच विचारलं, "थर गळत नाही कशावरून? चकती कुठाय?"

मार्गदर्शक छताकडे बघू लागले.

"तुमच्या खिशात, डॉक्टरसाहेब," फरांगीस म्हणाली.

सनाती कानापर्यंत लाल झाले. रुमाल सोडून त्यांनी चकती स्वतः यंत्रात बसवली. गॅस सोडला. गळती दाखवणारा काटा तसूभरही हलला नाही. मग ती दोन्ही हातांवर ठेवून त्यांनी पुढे केली आणि म्हणाले, ही घ्या, तुमचीच आहे.

नको नको, राहू द्या तुमच्याकडेच, असं म्हणायला फरांगीसने तोंड उघडलं. मागे येऊन बसलेले यदुल्ला जोरात खाकरले.

तिने तोंड मिटलं आणि चकती घेतली. पहिल्याच आग्रहाला, लाज सोडून.