जित्या बाईचं हाड

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, पार्वताबाईंना, कोणी गरीब गाय म्हणालं असेल तर त्याने त्यांना लांबूनच पाहिलं असणार. दर्यापूरजवळच्या आमच्या गावात विधवेने आपलं वावर आपणच वाहायचं म्हटलं की लोकांच्या पोटात दुखायचं. सगळ्यात जास्त दुखलं ते माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे गावाच्या देवमनरावांच्या.

त्यांना निमित्त मिळालं बाईंच्या मनगटाचं. बैलबंडीवरून पडून बाईंचा उजवा हात मोडला आणि हाड बसवणाऱ्याने तो वाकडाच बसवला. वर्ष उलटलं तरी हात वळवला की कळ डोक्यात जायची. आमच्याकडे तिफणीमागून सरत्याची नळी धरून बाईमाणूस चालतं, आणि नळीत बी सोडताना मनगट सारखं वळवावं लागतं. त्या साली पेरणीत बाई तिसऱ्या तासाला, म्हणजे तिसऱ्या ओळीलाच, खाली बसल्या. उरलेलं ह्यांनी पेरून दिलं.

"वयनी, पुढच्या सालापासून मीच पेरतो," हे म्हणाले. "तलाठ्याकडं पेऱ्याले माह्यंच नाव लावून टाकू."

एकदा सातबाऱ्यावर पेऱ्याला दुसऱ्याचं नाव लागलं की वावर गेलंच म्हणून समजा. एवढं शेंबड्या पोरालाही कळत होतं.

बाईंनी कापूस विकला आणि मला सोबत घेऊन अकोल्याची बस धरली. जठारपेठेतल्या डॉक्टर कमलाकांतांनी फोटो काढून दाखवला. मनगटापाशी दोन हाडं येतात. अंगठ्याकडचं मोडून आखूड बसलं होतं, त्यामुळे करंगळीकडचं लांब पडून आत टोचत होतं.

"लांब आहे ते थोडं कापून आखूड करू, पट्टी आणि स्क्रूने जोडू," डॉक्टर म्हणाले. "पण आधी घरच्या पुरुषमाणसाला विचारा."

"हाड माह्यं हाये," बाई म्हणाल्या. "त्याईले काहून विचारू?"

ऑपरेशन झालं. कापलेला तुकडा बाईंनी मागून घेतला. चिंचोक्याएवढाच होता. तो फडक्यात बांधून त्यांनी घरी आणला, तेव्हा ह्यांची बोबडी वळली.

"जित्या माणसाच्या अस्थी घरात?"

दर्यापूरहून मोरोपंत भटजींना बोलावणं गेलं. त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला. "मेलेल्याच्या अस्थी नदीत सोडतात. जिवंत बाईच्या सोडल्या तर तिला अर्धी मारल्यासारखं होईल. ठेवल्या तर घर बाटेल. याला माझ्याकडे शास्त्र नाही," म्हणाले. दक्षिणा मात्र घेतली.

"मंग मीच पायते," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तुकडा घरात नव्हता.

मृग लागला तोवर प्लास्टर निघून हात मोकळा झाला होता. तरीही ह्यांनी सकाळीच गडी घेऊन तिफण बाईंच्या वावरात नेली. बाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्याच होत्या.

"पेरा भाऊजी. पण माह्यं हाड म्या ह्याच वावरात पुरलं हाये. कुठं, ते सांगत नाही. जित्या बाईच्या हाडावरून तिफण गेली त काय होते, ते मोरोपंताले इचारा."

गड्याने कासरा टाकला आणि सरळ गावाची वाट धरली. एव्हाना निम्मं गाव धुऱ्यावर जमलं होतं.

"मंग तुमी तरी कशा पेरसान?" हे कसेबसे म्हणाले.

"माह्यं हाड माह्याच वाकड्यात जाईन काय?"

बाईंनी ओटीत बी घेतलं. सगळ्या गावासमोर उजवं मनगट इकडून तिकडे वळवून दाखवलं आणि सरता धरला. पण तिफणीला हात लावायला एकही बाप्या पुढे येईना. मिशा होत्या सगळ्यांना. मला असा संताप आला! मी पदर खोचला, तिफणीजवळ गेले आणि कासरा उचलला.

"अवं, येडी झाली काय?" हे ओरडले. "त्या हाडावर पाय पडला त?"

"नाही पडत," मी म्हटलं आणि बैलांना हाकारलं. "खड्डा मीच खंदला. बाईच्या हाताले तवा पिलास्टर होतं."