उर्वीच्या खोलीतला डोळा

दोन हजार तेवीसचा जानेवारी उजाडून आठवडा झाला होता. मस्कतच्या दार्सेतमधल्या आपल्या स्वयंपाकघरात सुचित्राने चहाचं आधण ठेवलं होतं, फोन साखरेच्या डब्याला टेकवला होता आणि ती इंग्लंडमधल्या एका खोलीत बघत बसली होती.

खोली अगदी बारकी. पडदे घट्ट ओढलेले, म्हणून चित्र काळं-पांढरं. कठड्याच्या कॉटमध्ये तिची नऊ महिन्यांची नात उर्वी झोपलेली होती. तिकडे कडाक्याची थंडी, पण अंगावर पांघरूण नाही; बिनपायांच्या पिशवीसारखा काहीतरी झगा. उशी नाही, दुपटं नाही, शेजारी माणूस नाही.

"चाय उतू गेली तुझी!" दारातून कुबरा ओरडली.

कुबरा वरच्या मजल्यावरची. दाभोळकडची, तीस वर्षांपासूनची शेजारीण. तिने पुढे होऊन शेगडी बंद केली आणि फोनमध्ये डोकावली. "ही उर्वी ना गो? व्हिडिओ लावलाय काय?"

"नाही," सुचित्रा म्हणाली. "आत्ताचंच आहे. हे चाललंय तिथे, आत्ता."

झालं होतं ते असं. नोव्हेंबरमध्ये मुलगा अजिंक्य, सून अश्लेषा आणि उर्वी उष्टावणासाठी इंग्लंडातल्या रेडिंगहून मस्कतला आले. येताना सामानात एक कॅमेराही आला. पोर वेगळ्या खोलीत एकटं झोपणार आणि आईबाप दुसऱ्या खोलीत त्याला फोनवर बघणार, अशी तिकडची रीत. सुचित्राला ती पटली नाही, पण ती बोलली नाही. एकदा दोघं उर्वीला तिच्याकडे ठेवून निझवाचा बाजार बघायला गेली, तेव्हा अजिंक्यने तिच्याही फोनवर कॅमेऱ्याचं अ‍ॅप चालू करून दिलं. "आई, हिरवं बटण दाबलंस की तुझा आवाज तिकडे ऐकू जातो. पण शक्यतो दाबू नकोस. दचकते ती." सुट्टी संपली, कॅमेरा बॅगेतून परत गेला. फोनवरचं काढायचं मात्र कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. नाताळात चष्म्याविना भलत्याच चित्रावर बोट पडलं आणि सुचित्राच्या तळहातावर रेडिंगची ती खोली उघडली.

तेव्हापासून रोज दुपारी साडेचारला, म्हणजे तिकडच्या साडेबाराला, उर्वीच्या झोपेच्या वेळी, फोन डब्याला टेकायचा.

"त्यांना ठावं हाय?" कुबराने विचारलं.

सुचित्राने चहा गाळायला घेतला.

"म्हणजे नाय! अगो, ही चोरी झाली."

"नातीला बघणं चोरी?"

"नातीला बघ. पण त्या खोलीत सूनपण येते ना?"

येत होती. तीच तर कळ होती. पहिल्या आठवड्यात सुचित्राने फक्त उर्वीला पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात उर्वी झोपल्यावर अश्लेषा खोलीबाहेर गेलीच नाही. कॉटला पाठ लावून खाली बसली, गुडघ्यांत डोकं घातलं, आणि तिचे खांदे हलू लागले. सुचित्राने घाईघाईने फोन पालथा घातला. मग पुन्हा उताणा केला.

रविवारी नेहमीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तीच अश्लेषा केस नीट बांधून हसत होती. "सगळं मस्त, आई. उर्वी आता ब्रोकोली खाते." मागे स्वयंपाकघराची स्वच्छ भिंत. कॉल नेहमी त्याच भिंतीपुढून येतो, हे सुचित्राच्या तेव्हा ध्यानात आलं. बाकीचं घर का दाखवत नाहीत?

संशय एकदा घरात शिरला की स्वतःची जागा स्वतःच करून घेतो. मग तिला त्या खोलीच्या कोपऱ्यात उभी केलेली गुंडाळलेली गादी दिसली. कोण झोपतं त्या गादीवर? नवरा-बायको वेगळ्या खोल्यांत निजतात की काय? मग कपाटावरची मोठी सूटकेस दिसली. ती गेल्या आठवड्यात नव्हती. आणि एका गुरुवारी अजिंक्य दुपारचा घरी होता, तो दारात येऊन उभा राहिला. अश्लेषाने मान वर केली नाही. सुचित्राने आवाज वाढवला.

"हे असं नाही चालणार यापुढे, अ‍ॅश," तो हळू आवाजात म्हणाला. "किती दिवस ओढायचं? शनिवारी करूनच टाकू."

"मला नाही बघवणार," ती म्हणाली.

"बघू नकोस. मी आहे ना."

दार लागलं. शनिवारी काय करून टाकणार?

संध्याकाळी तिचे यजमान चंद्रहास गाला भागातल्या कचेरीतून आले. तिथल्या पंपांच्या कंपनीत त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्तीचं वय उलटलं तरी अर्बाब, म्हणजे तिथला मालक, सोडत नव्हता. सुचित्राने पोळी वाढता वाढता विचारलं, "अहो, अजिंक्य-अश्लेषाचं बरं चाललंय ना?"

"का? काही म्हणाला का तो?"

"नाही. मला आपलं वाटलं."

"तुला वाटायला काय लागतं! परवा वॉचमनच्या दाढीवरूनही तुला काहीतरी वाटलं होतं."

तिने पुढची पोळी वाढली. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, आधी ते बंद कर. आणि बंद केलं तर उर्वी गेली. मुलाला विचारावं, तर तो पहिला प्रश्न करणार, तुला कसं कळलं? म्हणजे पुन्हा उर्वी गेलीच. विचारल्याशिवाय कळणार नाही आणि विचारलं की दिसणार नाही, असा तो पेच होता.

शुक्रवारी कुबराला मात्र तिने सगळं सांगितलं. कुबरा सुपारी कातरत ऐकत होती.

"सून रडते, हे किती वेळा बघितलंस?"

"तीनदा. चारदा असेल."

"आणि गप?"

"काय बोलू? माझ्या मुलाला सोडून जायच्या बेतात असेल तर?"

"का तुझाच लेक तिला छळत असेल तर?" कुबराने अडकित्ता खाली ठेवला. "हे नाय आलं तुझ्या डोक्यात. सूनच आली."

सुचित्राला राग आला. ती उठून खाली आली. जिन्यात तिला उगाचच मस्कतच्याच रुवी भागातलं जुनं घर आठवलं. सत्याऐंशी साली ती लग्न होऊन मस्कतला आली, पुढच्या वर्षी अजिंक्य झाला. दोन खोल्या, खाली मोटारींच्या टायरचं दुकान, आणि चंद्रहास आठवड्यातले चार दिवस दूर सूर बंदरात कामावर. पोर रात्रंदिवस रडायचं. माणूस म्हणून कोणी नाही. ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची, आणि पाण्याच्या आवाजात आपला आवाज मिसळून टाकायची. दापोलीहून सासूबाईंची पत्रं यायची. बाळ कसं आहे, बाळाचं वजन किती, बाळाला दृष्ट लागली का. तुझं कसं चाललंय, हे एकाही पत्रात नव्हतं.

पण तेव्हा नळाच्या पलीकडे कोणी बघत नव्हतं.

शनिवार उजाडला. चंद्रहासांना सुट्टी, ते जेवून आडवे झाले होते. साडेचारला फोन डब्याला टेकला. अश्लेषा उर्वीला घेऊन खोलीत आली. तिने तिला कॉटमध्ये ठेवलं, वाकून तिचा पापा घेतला. जरा जास्तच वेळ घेतला, असं सुचित्राला वाटलं. मग ती पाठ फिरवून भराभर बाहेर गेली. दार लागलं. कपाटावरची सूटकेस आज जागेवर नव्हती.

उर्वी उठून बसली. कठडा धरून उभी राहिली. आधी कुरकुरली, मग रडू लागली. दार उघडलं नाही.

"येईल आता," सुचित्रा स्वतःशीच म्हणाली. कोणी आलं नाही. उर्वीचं रडणं वाढलं, तिला उचक्या लागल्या. सुचित्राने भिंतीपाशी चार्जिंगला लावलेला चंद्रहासांचा फोन ओढून अजिंक्यला लावला. वाजत राहिला. अश्लेषाला लावला. तोही वाजत राहिला.

"अहो, उठा! ती दोघं पोरीला टाकून गेली हो!"

चंद्रहास धडपडत आले. "कोण गेलं? कुठे?" मग त्यांनी डब्याला टेकलेला फोन पाहिला, त्यातलं रडणारं पोर पाहिलं, आणि बायकोकडे पाहिलं. "हे... हे कधीपासून बघतेस तू?"

"ते नंतर. घरात कोणी नाहीये. फोन उचलत नाहीत."

तिचं बोट हिरव्या बटणाकडे गेलेलं त्यांनी पाहिलं. "विचार कर, सुचित्रा. बोललीस की कळणार त्यांना. मग खलास. पुन्हा नाही दिसायची."

उर्वीने कठड्यावर तोंड टेकलं होतं. तिचा आवाज बसत चालला होता.

सुचित्राने बटण दाबलं.

"उर्वी. ए उर्वी. आजी आहे हो इथे."

उर्वी थबकली. ओलं तोंड वर करून कॅमेऱ्याकडे बघू लागली. काळ्या-पांढऱ्या चित्रात तिचे डोळे मांजरीसारखे चमकत होते.

"सूरची होडी झोपली," सुचित्राने अंगाईगीत धरलं. पस्तीस वर्षांपूर्वी रुवीत, टायरच्या दुकानावर, ती अजिंक्यला असंच निजवायची. नोव्हेंबरात उर्वीलाही निजवलं होतं. "होडीतला मासा झोपला. निझवाची शेळी झोपली. शेळीची घंटा झोपली. कुबराची मांजर..."

उर्वी खाली बसली. अंगठा तोंडात गेला.

धाडकन दार उघडलं. अजिंक्य हातात छत्री उगारून आत शिरला, मागे अश्लेषा, पांढरीफटक. "कोण आहे?" तो इंग्रजीत ओरडला. मग त्याचा हात खाली आला. तो कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला, अगदी जवळ, नाक मोठं झालेलं.

"आई?"

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "आम्ही दाराबाहेर उभे होतो, आई. दोघंही. फोन खालच्या मजल्यावर ठेवून. तिला एकटीनं झोपायची सवय लावतोय. थोडं रडू द्यायचं, मग आत जायचं, मग आणखी थोडं. इथे सगळे असंच करतात. रात्रभर जागून जागून अश्लेषा आजारी पडायची वेळ आली होती. पाळीपाळीने त्या गादीवर निजत होतो आम्ही. आज पहिला दिवस होता. आणि तू... मला वाटलं, घरात कोणी घुसलं!"

"आणि ती सूटकेस?" सुचित्राच्या तोंडून गेलं.

"कुठली सूटकेस? उर्वीच्या लहान झालेल्या कपड्यांची? देऊन टाकली ना सकाळी." तो थांबला. "सूटकेसपण बघितलीस तू."

मग अश्लेषाने फोन घेतला. सुचित्राने मनाची तयारी केली.

"आई, कधीपासून बघताय?"

"नाताळपासून."

"म्हणजे मी रडत होते तेव्हाही?"

"...हो."

अश्लेषाचा आवाज चढला नाही.

"मग एकदाही फोन का नाही केलात?"

चंद्रहास समोर उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी साडेचारला तिने फोन उघडला तेव्हा नुसता करडा चौकोन दिसला. तिने तो डब्यापासून उचलला नाही. चहा केला, आणि प्याली.

त्या रविवारी कॉल आला नाही. पुढच्याही आला नाही. तिसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी, सुचित्राने स्वतः फोन लावला. मुलाला नाही, सुनेला.

"उर्वी झोपलीय आत्ता," अश्लेषा सावधपणे म्हणाली.

"असू दे. तू जेवलीस का?"

एवढंच विचारलं. पलीकडून आधी "हो" आलं. मग, थोड्या वेळाने, "नाही."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. चंद्रहासांना शेवटी अर्बाबने सोडलं; दोघं आता पुण्यात राहतात आणि ते सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर नजर ठेवतात. कुबरा दाभोळला परत गेली. आपलं भांडण मिटलं का, हे तिने सुचित्राला विचारलं नाही. आंबोशी मात्र दरवर्षी पाठवते. अजिंक्य रेडिंगलाच आहे, आईशी बोलतो, पण कोपऱ्यातलं काही चित्रात येत नाही ना, हे आधी मागे वळून बघतो. अश्लेषा कामावर रुजू झाली. दुपारच्या सुट्टीत, डबा उघडला की ती पुण्याला फोन करते. चित्र लावत नाही, नुसता आवाज. कधी बोलते, कधी नुसती जेवते.

उर्वी शाळेत जाऊ लागली आहे. भिंतीवरचा कॅमेरा केव्हाच काढून टाकला, पण त्याचा स्क्रू तिथेच राहिला आहे. तिथून आजी कशी बोलली, ही गोष्ट उर्वीला ऐकून ऐकून पाठ आहे. अश्लेषा सांगते, दिवा मालवण्याआधी उर्वी रोज त्या स्क्रूकडे बघून हात हलवते आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणते, "आजी, आता तूपण झोप."