जयाची जांभळी फुली

मित्रांनो, मी कॅन्सरवर किरण सोडणारे एक जुने यंत्र आहे. साता समुद्रापलीकडे घडले, मूर्तिजापूरहून छोट्या रेल्वेने यवतमाळला आले आणि एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसले. पहिल्या दिवशी मला हार घातला, पुढे नारळ फोडला. पण मला सुरू करायची वेळ झाली की किरणांच्या भीतीने कौतुक करणारेच आधी बाहेर पळत. शिशाचे जड दार बंद होई. आत मी आणि आजारी माणूस, दोघेच. मला चेहरे दिसत नाहीत. मला हाडे जाणवतात.

१९६१ साली बोरी अरब गावच्या डोमाजीने आपल्या जयाला खांद्यावर घालून आणले. सात वर्षांची पोर. पोटातला कॅन्सर जबड्यापर्यंत पोहोचला होता. घास जात नव्हता, वेदनेने डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. पोर वाचणार नाही, पण दुखणे कमी होईल, असे ते म्हणाले.

"तिले झोप येऊ द्या साहेब. तेवढंच करा," डोमाजी म्हणाला.

नर्स मथुराबाईंनी जयाच्या गालावर जांभळ्या शाईची फुली काढली आणि ती पुसू नका म्हणून बजावले. दुसऱ्या दिवशी पाहतात तर गाल स्वच्छ!

"काहून पुसली?"

"बाई, म्या नागपुरात दीक्षा घेतली. अंगारे, टिळे, सारं सोडलं. पोरीच्या तोंडावर जादूटोण्याची फुली कशी राहू देऊ?"

"जादू नोहे, भाऊ. मशीनले डोये नाहीत. निशाणी चुकली तं किरण पोरीच्या डोयात जाईन."

डोमाजी चरकला. त्याने स्वतः जयाचे डोके धरले आणि फुली पुन्हा काढून घेतली. मग घामाने ती पुसू नये म्हणून तो पोरीला सतत वारा घालत बसे.

"तुमी सारे काहून पयता?" जयाने कसेबसे विचारले.

"मी दारापाशीच आहो, माय," डोमाजी म्हणाला.

दार बंद झाले. मी गुणगुणू लागले. जबडा हलत नव्हता, म्हणून जयाही मिटल्या ओठांनी माझ्या सुरात गुणगुणू लागली. रोज तसेच चाले. पुढे तिचे दुखणे ओसरले. दुधात कुस्करलेली भाकर तिने खाल्ली आणि ती गाढ झोपली. त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला.

जया गेल्यावर महिनाभराने डोमाजी एकटाच आला आणि बंद दारापाशी उभा राहिला.

"आत कोणाचं लेकरू आहे? दोन आवाज येऊन राह्यले."

मथुराबाईंनी दाराला कान लावला. "कोणीच नाही, भाऊ. मशीन रिकामी चालवून पाहून राह्यलो."

मित्रांनो, मथुराबाईंना एकच आवाज येत होता. मला मात्र दोन्ही येत होते.

आता मी अडगळीत आहे. माझी तार कापली आहे, अंगावर धूळ आहे. मी मुके झाले तरी तो दुसरा सूर थांबलेला नाही. आजारी लेकराला खोलीत एकटे ठेवावेच लागले, तर दाराबाहेरून त्याला हाक देत राहा. आणि कधी या अडगळीवरून गेलात, मिटल्या ओठांचे गुणगुणणे कानी आले, तर पळू नका. मला साथ देता येत नाही. तुम्ही द्या.