नैवेद्याची वाटी मापाला लागली

"अनसूया, भात खायचा तर ह्या वाटीनं मोजून. शीग लावायची नाही, सपाट. आणि गूळ, साखर, काकवी बाळ होईपर्यंत बंद."

हा आवाज नर्स करुणाताईंचा. तो अजून माझ्या कानाकोपऱ्यात बसला आहे. मित्रांनो, मी एक जुनी पितळी वाटी आहे. दिसायला साधी, काठाला चेपलेली. पण त्या आवाजामुळे माझा जन्म सार्थकी लागला.

माझा जन्मच मुळी माराने झाला. तांबटाने मला पत्र्यातून कापले, निखाऱ्यावर तापवले आणि हातोड्याने ठोकले. किती घाव, ते देवालाच ठाऊक. घाव थांबले तेव्हा मला पोट आले होते. इंदापूरच्या बाजारात अनसूयेच्या आईने मला घेतले आणि लग्नात लेकीबरोबर भवानीनगरजवळच्या वस्तीवर धाडले. त्या घरचे दैवत नरसिंहपूरचा नरसिंह. अनसूया रोज पहाटे न्हाऊन, ओल्या केसांनी माझ्यात गूळखोबऱ्याचा नैवेद्य ठेवी. तिचे उपासही कडक. सोमवार, संकष्टी, एकादशी, एकही चुकवत नसे.

पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा सासूबाईंना, सरुबाईंना, आभाळ ठेंगणे झाले. घरचा ऊस, घरचा गूळ. सकाळी गुळाचा शिरा, दुपारी काकवीत बुडवलेली पोळी, उपासाला गुळातली रताळी. पोट वाढत गेले तशा शेजारणी म्हणू लागल्या, "सरुबाई, पैलवान येतोय तुमच्याकडं!"

पैलवान दारातच अडकला. डोके बाहेर आले आणि खांदे आत राहिले. दोन बायका अनसूयेच्या पोटावर भार देऊन बसल्या, सुईण ओढत राहिली. अनसूयेच्या किंकाळीने देव्हाऱ्यात मी थरथरत होते. बाळ आले ते निळे पडून. रडलेच नाही. तिच्या अंगाखालचे पोते रक्ताने जड झाले होते. तिचा नवरा कुंडलिक अंगणात गेला आणि कुऱ्हाडीने त्याने बाज फोडली. बाजेचा भुगा झाला तरी तो घाव घालतच होता. माझ्यातल्या गुळाला त्या दिवशी मुंग्या लागल्या, कुणी पाहिले नाही.

दोन वर्षांनी, म्हणजे गेल्या वर्षी, एकोणीसशे शहाण्णव साली, अनसूयेला पुन्हा दिवस राहिले. या खेपेला उपकेंद्राच्या नर्स करुणाताईंनी तिची लघवी तपासली. काचेच्या नळीत निळे औषध घालून दिव्यावर धरले, तर ते विटेसारखे लाल झाले. मग बारामतीला रक्त तपासले. गरोदरपणातली साखर निघाली.

"आईच्या रक्तातली साखर बाळ खातं आणि फुगतं," करुणाताई घरी येऊन म्हणाल्या. "मागच्या वेळी खांदा म्हणूनच अडकला असणार. मापाची एखादी वाटी आहे का गं घरात?"

अनसूयेने इकडेतिकडे पाहिले. मग देव्हाऱ्यातून मला उचलून तिने ताईंच्या हातावर ठेवले. नेमक्या त्याच वेळी सरुबाई शेतातून आल्या. करुणाताई माळेगावकडच्या बौद्ध घरातल्या, हे त्यांना ठाऊक होते.

"देवाची वाटी हिच्या हातात? आन् पोटुशीला मोजून खायला घालनार? काळ आलाय व्हय ह्या घरावर!"

त्यांनी मला हिसकावले आणि भिरकावले. मी अनसूयेच्या भुवईवर बसले. तिची कातडी फाटली, रक्त डोळ्यांत उतरले. मी जात्यावर आदळून चेपले. मित्रांनो, तांबटाच्या घावांनी मी घडले होते. त्या एका घावाने मात्र मला लाज वाटली.

करुणाताईंनी तिच्या जखमेवर पदर दाबला आणि त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, मला काय बोलायचं ते बोला. पण हिला मी उपाशी ठेवत नाही. मापात ठेवते."

अनसूयेने मला घासले, पुसले. "आता हाच माझा नेम," ती देवाला म्हणाली. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, ताक. भात माझ्याएवढा, तोही सपाट. दर तीन तासांनी थोडे थोडे. जेवण झाले की बांधावरून दोन फेऱ्या. नळीतले औषध लालचे हिरवे झाले, म्हणजे साखर उतरली.

आणि संकष्टीनंतर पुन्हा लाल! अनसूया रडू लागली. "ताई, म्या कायबी खाल्लं न्हाय वं. उपास होता. निस्ता साबुदाणा आन् दोन रताळी."

"निस्ता?" करुणाताईंना हसावे की रडावे कळेना. "अगं, उपासाचं म्हणून साबुदाण्यातली साखर कुठं जात नाही!"

उपासाचे खाणे खाण्यात धरायचे नसते, असेच ती बिचारी समजत होती. तिने नेम सोडला नाही, बदलला. पुढच्या संकष्टीला ती माझ्या मापाने जेवली आणि चंद्रोदयापर्यंत तिने मौन धरले. देव रागावला असे मला तरी दिसले नाही.

सातव्या महिन्यात सरुबाईंनी डोहाळेजेवण मांडले. हिरवी साडी, गजरे आणि ताटभर गोड. अनसूयेने तोंड मिटून घेतले. बायका हसू लागल्या तशा सरुबाई पेटल्या. त्यांनी तिचा जबडा धरला आणि पुरणाचा गोळा आत कोंबला. "गीळ! चार बायकांत नाक कापतीस माजं?"

अनसूया कचकन चावली. सरुबाईंच्या बोटातून रक्त आले. त्यांनी दुसऱ्या हाताने तिच्या कानशिलात दिली, गजरा तुटून भाजीत पडला. "चावली गं भवानी!"

कुंडलिक धावत आत आला. त्याने लाथेने ताट उडवले, पुरण भिंतीवर फुटले. तो आईसमोर गेला. हात उगारलेला होता, पण तोच त्याने तिच्यासमोर उघडा धरला.

"आये, येक लेकरू म्या ह्याच हातानं पुरलंय. दुसरं पुरायला तू येनार हायीस का?"

बायका निघून गेल्या. मग सरुबाईंनी मला शोधून काढले आणि सुनेसाठी माझ्यात भात मोजला. सपाट.

मग सगळे ठरले. बाळंतपण बारामतीच्या दवाखान्यात. जीप वस्तीवरच्या बिरूची. रक्त लागलेच तर कुंडलिक देणार. पिशवी भरून दाराशी ठेवलेली, तिच्यात मीही. पण दिलेल्या तारखेच्या चार दिवस आधीच कळा आल्या, आणि रस्ताभर कारखान्याला निघालेल्या उसाच्या बैलगाड्या! जीप मधेच अडकली. अनसूया ओठ चावून चावून रक्ताळली होती.

सरुबाई खाली उतरल्या. एका गाडीवानाच्या हातातला चाबूक त्यांनी ओढून घेतला. "सून अडलीय माजी! घे बाजूला, न्हायतर पाठ सोलीन!" तो हसला. त्यांनी खरंच फटके ओढले. एक, दोन. गाडी शेतात उतरली, तिच्यामागे दुसरी, आणि वाट झाली.

दवाखान्यात दाराबाहेर सरुबाईंनी मला दोन्ही हातांनी छातीशी आवळले होते. आतून आवाज आला, "गुडघे पोटाशी धरा! खांदा सुटतोय!" मग अनसूयेची किंकाळी. मग काहीच नाही. सरुबाईंची नखे माझ्या काठाला करकरली.

आणि मग रडणे. बारीक, चिडके, जिवंत. मुलगी. तीन किलो.

सरुबाई बरोबर आलेल्या करुणाताईंकडे वळल्या. "बाई, आमच्या आळीत आता कुनाचं लेकरू असं जाऊ देनार न्हाय म्या. सबूद हाय माजा."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आई होणार असेल तर तिच्या ताटात प्रेम वाढा, पण मापाने वाढा. तिची तपासणी वेळेवर करा. ती नको म्हणाली तर तिचे ऐका. आणि तिच्यावर हात कधीही उगारू नका. मी पितळ, चेपले तरी चालते. आई चेपत नाही, तुटते.

परवा कळले, शेजारच्या गेणबाच्या सुनेला, मोनालीला, पाचवा महिना लागला. गेणबा तापट, दारात कुणाला उभे करत नाही. आज नातीला अंघोळ घालून सरुबाईंनी डोक्यावर पदर घेतला, मला आणि करुणाताईंकडून मागून आणलेल्या काचेच्या नळीला फडक्यात बांधले, आणि कुणाला काही न सांगता त्या गेणबाच्या घराकडे चालू लागल्या.