ठिणगीची पात

"ऊठ आधी तिथून!" मालक बांधावरून ओरडला आणि लगेच त्यानं जीभ चावली. उठता आलं असतं तर हे भांडण झालंच कशाला असतं?

ठिणगी भुईमुगाच्या कडेच्या पातीत ठाण मांडून बसली होती. खुरपणीला आलेल्या प्रत्येक बाईच्या वाट्याला ओळींचा जो पट्टा येतो, ती तिची पात. हिला कुणी दिली नव्हती, हिनं स्वतःच धरली होती. कमरेला बांधून बुडाखाली घेतलेला जुन्या टायरचा तुकडा, पायांना गुंडाळलेलं गोणपाट आणि हातात खुरपं. दोन वर्षांपूर्वी गवतानं भरलेल्या गाडीवरून ती पाठीवर पडली आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. जीभ मात्र शाबूत होती. लहानपणापासून सगळे तिला ठिणगी म्हणायचे, ते काही उगाच नाही.

"कुणी आणलं हिला?"

"मी आणलं," तिची भावजय म्हणाली. "हातगाडीवर घालून. घरात ठेवली तर भिंतींशी भांडते."

मालकाचा आवाज एकदम मऊ झाला, रविवारी चर्चमध्ये व्हायचा तसा. तिथल्या पंचांत त्याचं वजन होतं. "अगं बाई, तुला काय कमी पडतंय? दर आठवड्याला धान्य धाडतो. प्रार्थनेत न चुकता तुझं नाव घेतो. देवानं विसावा दिलाय, तर घे की."

"विसावा? महिनाभर खाटेवर पडून बघा मालक, मग सांगा मला विसावा म्हणजे काय ते. प्रभू भर रस्त्यात थांबून आंधळ्यालासुद्धा आधी विचारायचा, बाबा, तुला काय हवंय म्हणून. दोन वर्षांत तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

"बरं, काय हवंय?"

"पात."

मालक घुटमळला. "लोक काय म्हणतील? पांगळ्या बाईला उन्हात राबवतो म्हणतील."

"म्हणजे माझी दया नाही, तुम्हाला लोकांची धास्ती आहे! खुरपणी काय कुणी उभ्यानं करतं? या सगळ्या बसूनच खुरपतात ना? मग माझ्याच बसण्यात काय खोट आहे?"

बायका फिसकन हसल्या. फक्त मुकादमीण हसली नाही. टोळी तिची होती, आणि टोळीची पात वेळेत खुरपून सुटली नाही तर बोलणी तिलाच खावी लागायची. "मालक, ऊन चढतंय," ती म्हणाली. "आजचा दिवस बघू. नाहीच जमलं तर मीच हिला घरी सोडते."

मालक पाय आपटत निघून गेला.

पावसानं पाठ फिरवली होती आणि वरची माती कडक झाली होती. खुरप्याचं टोक आधी खणकन वाजायचं, मग आत शिरायचं. हरळीची मुळं तर हट्टालाच पेटलेली. ठिणगी हातावर भार देऊन बूड पुढं सरकवायची, मग एक पाय ओढून घ्यायची, मग दुसरा. बाकीच्या बायका बघता बघता पुढं गेल्या. घाम डोळ्यांत उतरला. तिला मातीचा राग आला, पायांचा आला, मालकाच्या त्या मऊ आवाजाचा तर इतका आला की एक भुईमुगाचं रोपच उपटलं गेलं. ते तिनं घाईघाईनं परत पुरलं. 'देवा, तुझ्यावरही राग आहे माझा,' ती पुटपुटली. 'पण तुझ्याशी मागाहून बोलते. आत्ता हात मोकळा नाही.'

चर्चचे पाळक आशेवर प्रवचन द्यायचे तेव्हा तिला जांभया यायच्या. पण ऊन कलल्यावर पातीचं टोक दिसायला लागलं आणि तिचं खुरपं भरभर चालायला लागलं. अगं बाई, होईल की हे पुरं! दोन वर्षांत तिला कशाबद्दलच असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात तिला समोरून दोन डोकी येताना दिसली. मुकादमीण आणि भावजय तिच्याच पातीत शिरून पलीकडच्या टोकाकडून खुरपत येत होत्या. ठिणगीच्या अंगाची लाही झाली. तिनं ढेकूळ उचललं आणि भिरकावलं. ते मुकादमिणीच्या खांद्यावर फुटलं.

"हात काढा माझ्या पातीतून! दया नकोय मला कुणाची!"

"डोकं फिरलंय का तुझं?" मुकादमीण ताडकन उठली. "यात दया कुठून आली? टोळीची पद्धत विसरलीस? जिची पात आधी सुटते ती मागं राहिलेलीच्या पातीत समोरून शिरते. मला ताप होता तेव्हा तूच शिरली होतीस ना? मी मारलं होतं ढेकूळ?"

ठिणगीचा चेहरा पडला. दोन वर्षं जो तो वरून वाकून द्यायचा, 'अरेरे' म्हणायचा आणि निघून जायचा. त्या अरेरेपायी ही दुसरी रीत ती साफ विसरून गेली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"लागलं का गं?"

"लागलं तर! आता तोंड बंद कर आणि खुरप."

तिघींची खुरपी जवळ आली तेव्हा पात सुटली. त्या रात्री ठिणगीला बिछान्यावर पडल्या पडल्या झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मालकानं निरोप धाडला. हौस फिटली असेल, आता हिला आणू नका. सोबत धान्याचं पोतं होतं, नेहमीच्या दुप्पट. ठिणगीनं त्या पोत्यावर असे गुद्दे हाणले की भावजयीला हसावं का रडावं कळेना.

रविवारी उपासनेत मालक साक्ष द्यायला, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायला उभा राहिला. छातीवर हात ठेवून, गळा दाटून आणून बोलला, "भावांनो, बहिणींनो, प्रभूनं आपली प्रार्थना ऐकली. आपली पांगळी बहीण उठून उभी राहिली आणि माझ्या शेतात कामाला लागली. केवढा हा चमत्कार!"

"आमेन," लोक म्हणाले. काहींनी डोळे पुसले.

"खोटं!" पुढच्या चटईवरून ठिणगी कडाडली. "उभी कुठं राहिले? बसूनच खुरपलं मी. आणि दुसऱ्याच दिवशी यांनी माझी वाट बंद केली, ते साक्षीतून बरं गळलं!"

पाळक गडबडले. "बहिणी, शांत हो. आपण तुझ्यासाठी प्रार्थना करू या."

"करा, पण माझ्या पायांसाठी नको. पायांचं देव आणि मी बघून घेऊ, आमचं भांडण जुनं आहे. मालक, उद्या मला पात देणार की नाही, तेवढं सांगा."

मालकानं हात जोडले, मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले. त्याचे ओठ हलायला लागले. त्याचं बघून आणखी चार जणांनी डोळे मिटले.

मागून मुकादमीण उठली. चर्चमध्ये ती कधी तोंड उघडायची नाही. रांगांमधून वाट काढत ती थेट मालकापुढं येऊन उभी राहिली.

"डोळे उघडा, मालक. तिनं तुम्हाला विचारलंय, देवाला नाही."

मालकानं डोळे उघडले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. टोळीतली एकूण एक बाई त्याच्याकडं बघत होती.

"येऊ दे," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला.

"मोठ्यानं बोला," ठिणगी म्हणाली. "साक्ष तर चांगली मोठ्यानं देत होता."