पाठीवर बाण असलेलं जाकीट

मित्रांनो, आधी मावशीचा फायदा मोजून घेऊ, म्हणजे माझी गोष्ट समजायला सोपी जाईल. शहरात देशोदेशीचे खेळाडू यायचे होते आणि त्यांच्या दिमतीला फुकट राबणारी माणसं हवी होती. अशा माणसांना स्वयंसेवक म्हणतात. मावशीने नाव नोंदवलं. पगार नव्हता, पण दुपारचं जेवण, एक टोपी आणि एक जाकीट मिळणार होतं. शिवाय बाकीचे लोक पहाटेपासून जिथे जागा धरून बसणार, तिथे तिला दोरीच्या आत हक्काने उभं राहायला मिळणार होतं. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. त्या रस्त्यावरून तिची भाची मॅरेथॉन धावणार होती. बहीण गेल्यावर मावशीनेच वाढवलेली पोर. भाची पोस्टात हंगामी कामाला होती. पहिल्या तिघींत आली तर नोकरी कायम करू, असं मोठ्या साहेबांनी चारचौघांत सांगितलं होतं.

या फायद्यातलं जाकीट म्हणजे मी. आज माझी कोपरं विरली आहेत, चेन मध्येच अडून बसते. पण मी तयार झालो तेव्हा माझा थाट बघण्यासारखा होता. गडद निळं कापड, आत मऊ अस्तर, आणि पाठीवर डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत गेलेला एक भला मोठा पांढरा बाण. बाणाची कल्पना डिझायनर साहेबांची. शिलाई कारखान्यातल्या कटिंग मास्तरांना ती आवडली होती, फक्त त्यांचा जीव पांढऱ्या कापडात अडकला होता.

"साहेब, टोक जरा आखूड केलं तर कापड वाचेल."

"एक इंचही कमी करायचं नाही, मास्तर. लांबून दिसला पाहिजे."

"दिसेल की. पण हा दाखवतोय काय?"

"गती."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांना गती नको होती, उरलेलं कापड हवं होतं.

आम्ही सगळी जाकिटं वाटली गेली तेव्हा आमचं फार कौतुक झालं. वर्तमानपत्रांनी आमचे फोटो छापले. ठेंगणी, लठ्ठ, टक्कल पडलेली, कशीही माणसं आमच्यात शिरली की कामाची वाटायला लागायची. मावशीने मला घालून जिन्यात दोनदा चक्कर मारली. समोरच्या खोलीतल्या काकू म्हणाल्या, "काय हो, विमान चालवायला निघालात की काय?"

"मागून बघा," मावशी म्हणाली. "मागून मी पंचविशीची दिसते. पुढून बघायची घाई करू नका."

मावशीने उमेदीची सगळी वर्षं बसमध्ये कंडक्टरकी करण्यात घालवली होती. पुढच्या दारातून शिरलेल्या माणसाला मागच्या दारात उभी राहून ती जागेवर बसवायची. आवाज असा, की झोपलेले प्रवासी आपला थांबा नसतानाही उतरायला उठत.

स्वयंसेवकांना शिकवायला जे पर्यवेक्षक होते, त्यांना सगळे पाठीमागे 'शिट्टी' म्हणत, कारण ती त्यांच्या तोंडातून निघतच नसे. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. "खेळाकडे पाठ, गर्दीकडे तोंड. तुम्ही लोकांवर लक्ष ठेवायला आहात, शर्यत बघायला नाही. जो मागे वळेल त्याचं जाकीट काढून घेईन."

"म्हणजे लग्नाला जायचं आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचं," मावशी म्हणाली.

सगळे हसले. शिट्टी हसली नाही.

मावशीने गोड बोलून शेवटच्या वळणावरची जागा मिळवली. भाची तिथून जाताना मान किंचित वळवायची, असा तिचा बेत होता. त्या वळणावर रस्त्याला दोन फाटे होते. धावणाऱ्यांनी डावीकडे जायचं. उजवीकडचा बोळ रुग्णवाहिकेसाठी मोकळा ठेवलेला, म्हणून त्याला दोरी नव्हती. समोर गर्दी. मधोमध मावशी, गर्दीकडे तोंड करून उभी. डावीकडे जा म्हणून सांगणारी पाटी होती, पण तिच्यापुढे एका फोटोग्राफरने स्टूल मांडलं होतं आणि तो त्यावर चढून बसला होता. म्हणजे मित्रांनो, धापा टाकत येणाऱ्या माणसाला त्या वळणावर एकच खूण दिसत होती. ती माझ्या पाठीवर होती आणि ती उजवीकडे दाखवत होती.

पहिली आलेली बाई खूप पुढे होती. तिच्यापुढे मोटारसायकल होती, ती जिथे वळली तिथे ही वळली. मग बराच वेळ रस्ता रिकामा. मग दोघी जवळजवळ आल्या, परदेशातल्या, उंच, माना खाली. त्यांनी डोळे वर केले, मला बघितलं आणि सरळ बोळात शिरल्या.

मावशीला पावलांचा आवाज भलत्याच बाजूने आला. तिने नियम मोडून मान वळवली. बोळात दोन पाठी लांब लांब चालल्या होत्या. तिने दुसऱ्या बाजूला बघितलं. चढावर एकटीच, पिवळ्या बनियनमध्ये, भाची येत होती. तिच्यामागे कुणी नव्हतं.

मी मावशीच्या अंगावर होतो, म्हणून मला ठाऊक आहे. तिचं काळीज माझ्या अस्तरावर धडका देत होतं. तिला हिशेब फार लवकर जमायचा. गप्प राहिलं तर भाची दुसरी. पदक, नोकरी, सगळं. आणि गप्प राहण्यासाठी तिला काहीच करावं लागणार नव्हतं. उलट नियमच सांगत होता की तू बघितलेलंच नाहीस.

मग तिने मला अंगातून ओढून काढलं, डोक्यावर गरागरा फिरवलं आणि ओरडली. "अगं बायांनो, परत फिरा! तो रस्ता नव्हे!"

त्यांना भाषा कुठली कळायला? पण तो आवाज न कळणारं माणूस अजून जन्माला यायचं होतं. दोघी थबकल्या, वळल्या, मावशीचा डावीकडे ताणलेला हात बघितला आणि जीव खाऊन परत धावल्या. तोवर भाची वळणावरून डावीकडे गेली होती. पुढची थोडी वाट ती खरोखर दुसरी होती. सपाट रस्ता लागला तशा त्या दोघींनी तिला गाठलं, एकीने आधी, दुसरीने अगदी शेवटच्या रेषेजवळ. भाची चौथी आली.

शिट्टी धावत आली. "जागा सोडली, मागे वळलात, जाकीट काढलं. जमा करा ते."

मावशीने मला पुढे धरलं, पाठ वर करून. शिट्टीसाहेबांनी बाण बघितला, बोळ बघितला, पाटीपुढचं स्टूल बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडे. आठवण म्हणून. फक्त या बाणाबद्दल कुठे बोलू नका." असा मी मावशीच्या मालकीचा झालो.

भाची घरी आली, पाय बादलीत बुडवून बसली.

"मावशी, ओरडलीस ती तूच ना?"

"मीच."

"मला वळणावर ऐकू आलं." बादलीत पाय चोळत ती म्हणाली, "जरा हळू ओरडायचं होतंस."

"हळू ओरडायला येत नाही गं मला."

"माहितीये," भाची म्हणाली आणि टॉवेलने तोंड पुसत राहिली. बराच वेळ पुसत राहिली.

त्यानंतर मी दाराआडच्या खिळ्यावर गेलो. धूळ खाल्ली, पालीची अंडी सांभाळली. एकदा मावशीने मला पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणूनही घातलं. मग एका थंडीत भाचीनेच मला काढलं, झटकलं, उलटं केलं आणि अंगात घातलं. पहाटे मैदानावर ती मुलींना धावायला शिकवते. मुली पहिल्या दिवशी हसल्या. "ताई, जाकीट उलटं घातलंय."

"माहितीये. पळा."

तेव्हापासून माझी शिवण बाहेर आणि बाण आत. मला धुताना ती कडक पिळत नाही, उन्हात वाळत घालत नाही. फाटलं की त्याच दिवशी टाका घालते. मित्रांनो, कपड्याला याहून जास्त काही नको असतं. तुमच्या घरात एखादा जुना कपडा पडला असेल, तर त्याचं पायपुसणं करण्याआधी एकदा विचारा, हा कुणी कुठे घातला होता.

आता जमाखर्च. डिझायनर साहेबांना उत्कृष्ट गणवेशाचं मानचिन्ह मिळालं. शिट्टीला बढती मिळाली. त्या दोघी पदकं घेऊन विमानात बसल्या. मावशी रात्री शांत झोपते. आणि भाची अजून हंगामीच आहे. मैदानावरून आली की घाईने न्याहारी करते, बस पकडते आणि दिवसभर दुसऱ्यांची पत्रं लावते. या सगळ्यांचं जे काही देणं झालं, ते ती एकटी फेडते आहे.